गणपती ते दिवाळी: सणासुदीच्या खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न पगारदार आणि छोटा धंदा करणाऱ्या घरांतले आहेत. उत्तरं देताना एक बाजू घेतली आहे, ती आधीच सांगतो. फराळ, पूजा आणि पाहुणचार यांवर कात्री चालवून फारसं काही वाचत नाही. पैसा जातो तो हप्त्यावर घेतलेल्या वस्तूंत, दागिन्यांच्या मजुरीत आणि 'लोक काय म्हणतील' म्हणून दिलेल्या पाकिटांत. त्यामुळे लाडवात बेदाणे किती घालायचे, हे इथे सापडणार नाही.

सणांचं बजेट दरवर्षी करतो आणि दरवर्षी ते मोडतं. सुरुवात कुठून करायची?

अंदाजाने आकडे लिहू नका. मागच्या वर्षीचं बँकेचं स्टेटमेंट काढा. गणेश चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यापासून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापर्यंतची प्रत्येक नोंद बघा आणि पेन्सिलीने चार खुणा करा: घरात खाल्लं आणि पूजेला लागलं, लोकांना दिलं, वस्तू घेतल्या, प्रवास केला. यूपीआय आल्यापासून हे काम सोपं झालंय, नारळवाल्याचे चाळीस रुपयेसुद्धा तिथे दिसतात. एटीएममधून काढलेल्या रोख रकमेपुढे मात्र प्रश्नचिन्हच राहील. राहू द्या.

बहुतेक घरांत वाण्याचं बिल वाटलं होतं त्याहून लहान निघतं, आणि 'वस्तू' व 'लोकांना दिलं' हे दोन रकाने फुगलेले असतात. बजेट करायचं ते या दोनच रकान्यांचं. बाकीचे दोन दरवर्षी साधारण तेवढेच येतात, त्यात महागाईपुरती भर घाला आणि सोडून द्या.

सण महिन्याच्या कोणत्या तारखेला येतो, याने खरंच फरक पडतो का?

खूप. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले, दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. अनेक ठिकाणी ऑक्टोबरचा पगार दिवाळीआधीच हातात पडला. सगळे खूश झाले आणि मग लक्षात आलं की पुढचा पगार थेट नोव्हेंबरच्या अखेरीस आहे. एका पगारात जवळजवळ ४० दिवस काढायचे. अशा वर्षी लवकर आलेल्या पगारातलं घरभाडं, शाळेची फी आणि कर्जाचे हप्ते यांचे पैसे त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकून द्यावेत.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळं पुढे सरकलं: गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. म्हणजे ऑक्टोबरचा पगार जमा होतो तोच धनत्रयोदशीच्या तोंडावर. खातं भरलेलं असताना हात सैल सुटतो आणि दिवाळीनंतर अख्खे तीन आठवडे काढायचे उरतात. कॅलेंडर भिंतीवर लावलं की आधी ही पगाराची आणि सणाची तारीख बघावी, मुहूर्त नंतर.

बोनस आला की तो सणावरच खर्च करायचा असतो ना?

बोनस सणाच्या सुमारास येतो, पण तो वर्षभराच्या कामाचा असतो. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, आणि कमाल २० टक्के. पण हा हिशेब तुमच्या पूर्ण पगारावर होतोच असं नाही, कायद्यातल्या मर्यादेइतक्या वेतनावर होतो. म्हणून 'एक पगार बोनस' असं ऐकून कुणी खरेदी उरकली असेल, तर आधी स्लिप बघा. शिवाय बोनस हा पगारच धरला जातो, त्यावर आयकर लागतो आणि तुम्ही कराच्या टप्प्यात असाल तर कंपनी तो आधीच कापून घेते.

माझं मत विचाराल तर क्रम असा: क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती. मग जानेवारी-फेब्रुवारीत येणारी ठळक देणी, म्हणजे विम्याचा हप्ता, मुलांची सहल, गाडीची सर्व्हिसिंग. उरलेल्यातून सण, आणि त्यात थोडी मजा जरूर. बोनस हातात यायच्या आधी त्याच्या भरवशावर काही घेऊ नका, एवढं मात्र पक्कं.

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे फुकटच आहे, मग का घेऊ नये?

₹३०,००० चा फोन धरा, सहा हप्ते, दरमहा ₹५,०००. वरवर बघता व्याज शून्य. पण बँक आपलं व्याज लावतेच. तिचा दर वर्षाला १६ टक्के असेल, तर सहा महिन्यांचं व्याज सुमारे ₹१,३५० होतं. तेवढी सूट विक्रेता आधी देतो, म्हणून बेरीज पुन्हा ₹३०,००० वर येते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र कुणी सोडत नाही: साधारण ₹२४५. वर प्रक्रिया शुल्क, समजा ₹१९९ आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे ₹२३५. फुकटच्या हप्त्यांचे झाले ₹४८०. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते.

₹४८० मोठी रक्कम नाही, हे खरं. मोठी गोष्ट वेगळी आहे. बऱ्याचदा एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. म्हणून काउंटरवर एकच प्रश्न विचारा: 'आत्ता सगळे पैसे दिले तर कितीला?' दोन्ही आकडे कागदावर मांडले की हप्त्याची खरी किंमत कळते. आणि दुसरं असं, की ₹३०,००० रोख मोजताना आपण ₹१८,००० चा फोन बघून आलेलो असतो. ₹५,००० ऐकलं की वरचं मॉडेल परवडायला लागतं. नुकसान तिथे होतं.

हप्त्याला माझा सरसकट विरोध नाही. फ्रिज बंद पडला, घरात लहान मूल आहे, तर घ्या हप्त्यावर. चालू हप्ता संपायच्या आत दुसरा सुरू करू नका.

ऑनलाइन सेलमध्ये वस्तू खरंच स्वस्त मिळतात का?

काही मिळतात. मागच्या वर्षीचं मॉडेल, जुन्या मापाचे बूट, प्रेशर कुकर, चादरी यांत फायदा होतो. नव्याकोऱ्या वस्तूवर 'छापील किमतीच्या ६० टक्के सूट' दिसली तर हसून पुढे जा, कारण छापील किमतीला ती वस्तू एरवीही कुणी घेत नव्हतं. जे घ्यायचं आहे त्याची किंमत गणपतीतच वहीत लिहून ठेवा आणि सेलच्या दिवशी ताडून बघा. किमतीचा इतिहास दाखवणारी संकेतस्थळंही आहेत, पण वही पुरते.

'फक्त २ शिल्लक', 'ऑफर ०९:५९ मिनिटांत संपणार', टोपलीत आपोआप येऊन बसलेला विमा, शेवटच्या पायरीवर वाढलेलं शुल्क, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं बटण: हे सगळे डार्क पॅटर्न आहेत, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून खर्च करायला लावणाऱ्या युक्त्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी असे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार करायचा कंटाळा असेल तर निदान 'पैसे भरा' दाबण्याआधी टोपली एकदा उघडून प्रत्येक ओळ वाचा.

वस्तू टोपलीत टाकून रात्रभर तशीच ठेवणं हा जुना उपाय अजूनही चालतो. सकाळी चहा घेताना बघा, अर्ध्या वस्तू काढून टाकाव्याशा वाटतात. रात्री अकरानंतर केलेली खरेदी आणि सकाळची खरेदी यांत फरक असतो.

टीव्ही, एसी यांवरचा कर कमी झालाय म्हणे. मग यंदा घेऊनच टाकू?

२२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेपासून, ३२ इंचांहून मोठे टीव्ही, एसी आणि डिशवॉशर यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. तूप, लोणी, सुका मेवा आणि फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर आले. कराचा दर कायम राहतो, सणापुरता नसतो. त्यामुळे 'कर कमी झालाय म्हणून दिवाळीतच' हे कारण टिकत नाही. एसी तर कुणी नोव्हेंबरमध्ये का घ्यावा, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

मुहूर्तावर सोनं घ्यायलाच हवं, असं घरातले म्हणतात. थोडं तरी घ्यावं का?

आधी एक गंमत. साडेतीन मुहूर्त म्हणजे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा. ज्या धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, ती या यादीत नाही.

आता हिशेब. आकडे सोपे जावेत म्हणून २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला ₹१,००,००० धरू. १० ग्रॅमची चेन, मजुरी १२ टक्के: ₹१२,०००. दोन्हींवर ३ टक्के जीएसटी: ₹३,३६०. बिल ₹१,१५,३६०. तीच चेन दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर मजुरी आणि कर गेलेच, वर घट धरली तर लाखही पुरते हाती येत नाहीत. म्हणजे दुकानाच्या दारातच ₹१५,३६० संपले. अंगावर घालायला दागिना हवा असेल तर ती हौसेची किंमत आहे, आनंदाने द्या. पण तिला 'गुंतवणूक' म्हणू नका. आणि मजुरीत घासाघीस करायला लाजू नका, भावात सराफ ऐकत नाही पण मजुरीत ऐकतो.

फक्त मुहूर्त साधायचा असेल तर ग्रॅमभराचं वळं किंवा नाणं पुरे, त्याची मजुरी कमी असते. बँकेचं नाणं घेताना लक्षात ठेवा, बँक ते परत विकत घेत नाही. दागिना घेताना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक या तीन खुणा भिंगाने बघा. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती उघडते. दुकानातच उभ्या उभ्या टाकून बघा, विक्रेत्याला वाईट वाटलं तर वाटू द्या. मुहूर्ताच्या गर्दीत हे कुणी करत नाही, म्हणून तर करायचं.

फराळ घरी करणं स्वस्त की विकत आणणं?

साहित्याच्या हिशेबाने घरचाच स्वस्त. पण त्यात करणारीचे चार दिवस धरत नाहीत, ही आपली जुनी चलाखी. नोकरी करणाऱ्या बाईने रजा टाकून अनारसे करायचे आणि वर 'पैसे वाचवले' म्हणायचं, यात कसलं गणित? मधला मार्ग बऱ्याच घरांनी काढलाय: चिवडा, शंकरपाळे आणि लाडू घरी, चकली आणि अनारसे बचत गटाकडून. जे घरी हमखास बिघडतं ते विकत आणावं. फसलेल्या चकलीची भाजणी, तेल आणि गॅस धरलं तर ती विकतच्यापेक्षा महाग पडते.

विकत घेताना दोन गोष्टी. तेलाच्या पिशवीवर १ लिटर लिहिलंय की ८५० ग्रॅम, ते वाचा. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिशव्यांतली 'स्वस्त' पिशवी स्वस्त असेलच असं नाही. आणि मिठाई खोक्यासकट तोलू देऊ नका. किलोला ₹१,००० ची काजूकतली आणि खोका १०० ग्रॅमचा, तर ₹१०० पुठ्ठ्याचे गेले. खोक्याचं वजन वगळून तोलणं दुकानदारावर बंधनकारक आहे. न ऐकल्यास वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. बहुतेक ठिकाणी 'आधी रिकामा खोका ठेवून काटा शून्य करा' एवढं म्हटलं तरी काम होतं.

मोलकरीण, वॉचमन, कचरेवाला, पेपरवाला... दिवाळीची पोस्त किती द्यायची?

इथे कंजुषी नको. घरकाम करणाऱ्या मावशींना एक पगार देण्याची पद्धत शहरांत रुळलेली आहे आणि ती योग्यही आहे. वर्षभर रोज आपल्या घरात राबणाऱ्या माणसाला कायद्याने बोनस नसतो. साडी देऊन पैसे कमी करू नका. साडी हवी का पैसे, हे त्यांनाच विचारा. उत्तर बहुधा पैसेच असतं. वर्ष भरलं नसेल तर महिन्यांच्या हिशेबाने द्या.

वॉचमन आणि सफाई कामगारांसाठी सोसायटीने एकत्र वर्गणी काढलेली बरी, नाहीतर पहिल्या मजल्यावरच्यांना सगळे गाठतात आणि सातव्यावर कुणी जात नाही. ही यादी दसऱ्यालाच लिहा, नव्या नोटा बँकेतून आणून ठेवा आणि वसुबारसेच्या आधी वाटून मोकळे व्हा. त्यांचीही दिवाळी असते, पैसे भाऊबीजेला मिळून काय उपयोग?

ओवाळणी, दिवाळसण, एकमेकांच्या घरी खोकी पाठवणं... यातून सुटका कशी?

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच, कारण याचं उत्तर आकड्यात नाही. सुक्या मेव्याचं खोकं आपल्याकडून मेव्हण्याकडे, त्याच्याकडून शेजाऱ्याकडे असं फिरत राहतं आणि कधीकधी तुळशीच्या लग्नाला आपल्याच दारात येतं. हे थांबवायला कुणीतरी एकाने आधी बोलावं लागतं. बहीण-भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवरात्रातच लिहून टाका: 'यंदा मोठ्यांनी एकमेकांना काही द्यायचं नाही, फक्त लहान मुलांना.' पहिल्या मिनिटाला शांतता असते, मग एकेक अंगठा येतो. सगळ्यांनाच ते हवं असतं, म्हणणारा कुणी नसतो.

ओवाळणीचा आकडा बहिणीच्या सासरच्या श्रीमंतीवरून ठरवू नका. चार बहिणी असतील तर चौघींना सारखं, हा नियम सोपा आणि भांडण टाळणारा आहे. एखादीची परिस्थिती ओढाताणीची असेल तर तिला वेगळं, एरवी कधीतरी, कुणाच्या देखत नाही.

दिवाळसण म्हणजे जावयाचा पहिला सण. लग्नाचं कर्ज अजून फिटतंय आणि त्यात अंगठी, सूट, मोबाइल अशी यादी तयार होते. या बाबतीत मुलीनेच आधी नवऱ्याशी बोलावं. 'बाबांना काही आणायला लावू नका' हे जावयाच्या तोंडून आलं तर सासऱ्यांचा मान राहतो आणि खर्चही वाचतो. सासऱ्यांनी स्वतःहून 'जमत नाही' म्हणायचं, हे आपल्याकडे फार कमी जणांना जमतं.

बहिणीला मोठी रक्कम ओवाळणीत दिली तर तिला कर लागेल का?

नाही. भाऊ, बहीण, नवरा, बायको, आई-वडील अशा नातेवाइकांकडून मिळालेली भेट कितीही मोठी असली तरी आयकरातून मुक्त आहे. मित्रमंडळी आणि ओळखीच्यांकडून वर्षभरात मिळून ₹५०,००० च्या वर गेलं, तर सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. मोठी रक्कम रोख न देता खात्यावर पाठवा, नोंद राहते.

मंडळाची मुलं वर्गणीचा आकडा स्वतःच लिहून पावती फाडतात. काय करायचं?

वर्गणी ऐच्छिक असते. मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, ती विचारायचा तुम्हाला हक्क आहे. धमकावलं तर पोलिसांत तक्रार करता येते. रोजच्या तोंडओळखीत हे कुणी ताणत नाही, म्हणून व्यवहारी उपाय: गणपतीआधीच आपला आकडा ठरवा, मंडळाच्या यूपीआयवर स्वतःहून भरा आणि दारात मुलं आली की स्क्रीनशॉट दाखवा. आधी भरणाऱ्याशी कुणी घासाघीस करत नाही.

गावी जाण्याचा खर्चच सगळ्यात मोठा होतो. तो कसा आवरायचा?

लवकर. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. २०२६ च्या धनत्रयोदशीला, ६ नोव्हेंबरला निघायचं असेल तर ७ सप्टेंबरला सकाळी हजर राहायला हवं, म्हणजे गणपती बसायच्याही आधी. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, एसटीत मात्र ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत प्रवास आहे. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं भाडं. आजी-आजोबा, आई आणि मुलं असं चौघा-पाचांचं कुटुंब असेल तर एसटीचा आकडा एकदा काढून बघाच. स्वतःच्या गाडीचं पेट्रोल आणि टोल त्यापुढे बरेच भारी पडतात.

खासगी बसवाल्यांना त्याच प्रकारच्या एसटी बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तिकीट जपून ठेवून आरटीओकडे तक्रार करणारे असतात आणि सणाच्या काळात तपासण्याही होतात.

मुलांचे हट्ट कसे आवरायचे? फटाके, कपडे, खेळणी, सगळंच हवं असतं.

दहा वर्षांच्या पुढच्या मुलाच्या हातात फटाक्यांचे पैसे रोख द्या आणि दुकानात बरोबर जा. निवड त्याची. एका मोठ्या बॉक्सच्या किमतीत भुईचक्र आणि फुलबाज्यांची किती पाकिटं येतात, हे तो स्वतः मोजतो. उरलेले पैसे त्याचे राहतील असं सांगितलं की मोजणी आणखी काटेकोर होते. यूपीआयने तुम्ही पैसे भरलेत तर त्याला काहीच कळत नाही.

आणि किल्ला करू द्या. माती, गोणपाट, दगड, वर पेरलेले अळीव आणि मागच्या वर्षीचे जपलेले मावळे. चार दिवस मुलं घराबाहेर असतात आणि खर्च जवळजवळ शून्य. अंगण नसेल तर गच्ची किंवा सोसायटीच्या बागेचा कोपरा मागा.

यूपीआयमुळे पैसे कुठे गेले तेच कळत नाही. काही सोपा उपाय?

सणासाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि यूपीआय ॲपमध्ये तेवढंच जोडून ठेवा. ठरलेली रक्कम त्यात टाका. संपली की सण संपला. किरकोळ खरेदीला, म्हणजे फुलं, पणत्या, रांगोळी, रिक्षा यांसाठी यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलं छोट्या रकमांचं वेगळं पाकीट वापरा. त्यात एका वेळी ₹५,००० पर्यंतच शिल्लक ठेवता येते, म्हणजे पाकिटच झालं. पुन्हा भरायची वेळ आली की आपोआप विचार होतो.

कुणी 'भेट जमा करायला क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.

खर्चावरून आमच्या दोघांत हमखास वाजतं. काही तोडगा?

भांडण बहुधा रकमेवरून नसतं, न विचारता केल्यावरून असतं. एक आकडा ठरवा, तुमच्या घरी ₹२,००० असेल किंवा ₹१०,०००. त्याच्या वरची खरेदी दोघांना विचारून, त्याच्या खालच्या खरेदीचा हिशेब कुणी मागायचा नाही. माहेरी आणि सासरी जाणारी पाकिटं एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा. ती वेगवेगळ्या वेळी काढली की दर वेळी दुसरं पाकीट जड वाटतं.

भिशी, सराफाची मासिक योजना, आरडी: पुढच्या दिवाळीसाठी यांतलं काय बरं?

आरडी. तुळशीच्या लग्नापासून पुढच्या गणपतीपर्यंत किती महिने आहेत ते मोजा, गेल्या वर्षीच्या बेरजेला तेवढ्याने भागा आणि बँकेत तेवढ्याच महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करा. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती या कामाची नाही.

भिशी चालते ती माणसांवर. ज्यांची घरं तुम्हाला माहीत आहेत अशा दहा-बारा जणींची भिशी वर्षानुवर्षं नीट चालते आणि त्या निमित्ताने महिन्यातून एकदा भेटही होते. ओळखीच्या ओळखीतून आलेल्या, 'महिन्याला अमुक टक्के' सांगणाऱ्या भिशीला हात लावू नका. कायद्याने चिट फंडाला नोंदणी लागते आणि अशा भिशीकडे ती नसते.

सराफाची योजना म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. या योजना बहुधा ११ महिन्यांच्याच दिसतील, कारण मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम वर्षाच्या पुढे गेली की तिला ठेवीचे नियम लागू शकतात. दागिना घ्यायचंच ठरलं असेल आणि पेढी जुनी, खात्रीची असेल तर ठीक. पण पेढी बुडाली तर बँकेतल्या ठेवीसारखं विम्याचं संरक्षण इथे नाही.

दिवाळी झाली, कार्डाचं बिल आलं, पूर्ण भरणं शक्य नाही. आता?

'किमान देय रक्कम' भरून गप्प बसू नका. थकबाकी ₹४०,००० आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के धरा: व्याज ₹१,४००, त्यावर जीएसटी ₹२५२. किमान रक्कम ५ टक्के असेल तर ₹२,०००. म्हणजे दोन हजार भरून मुद्दल साडेतीनशेनेही नीट हललं नाही. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, त्यामुळे ते कार्ड आधी कपाटात ठेवा.

एफडी असेल तर मोडा किंवा तिच्यावर कर्ज घ्या, त्याचा दर कार्डाच्या पासंगालाही पुरत नाही. तीही नसेल तर बँकेला फोन करून थकबाकीचे हप्ते करून मागा, आणि दर व शुल्क विचारून घ्या. एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्या कार्डावरून रोख काढणं आणि झटपट कर्ज देणारी ॲप्स, या दोन वाटांना जाऊ नका.

मुलगी परदेशात आहे. फराळ पाठवायचा खर्च फराळापेक्षा जास्त होतो. खरंच असं का?

कारण कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही बघतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचेच पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं चार किलोचं असलं तरी बिल ७.२ किलोचं येतं. म्हणून पोह्यांचा चिवडा आणि शेव पाठवणं सगळ्यात महाग. बेसनाचे लाडू, शंकरपाळे आणि चकलीची भाजणी जड आणि आटोपशीर, ती पाठवा. चिवड्याचा फक्त मसाला पाठवा, पोहे तिकडच्या भारतीय दुकानात मिळतात. खोकं घरीच मोजून घ्या, रिकामी जागा उरली तर लहान खोकं शोधा. आणि दसऱ्याच्या आसपास पाठवा, शेवटच्या आठवड्यातली घाईची सेवा वेगळे पैसे लावते.

दिवाळी अंक परवडत नाहीत हो आता. तीन-चार घेतले की हजार रुपये गेले.

१९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली परंपरा आहे, ती तुम्ही एकट्याने सांभाळायची गरज नाही. जवळच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना विचारा. ठरावीक शुल्कात दोन-तीन महिने आलटून पालटून अंक मिळतात. एक आवडीचा अंक मात्र विकत घ्या, अंक काढणाऱ्यांचीही दिवाळी असते.

दिवाळी संपली की सुटलो म्हणायचं, तर पुढे संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच. तिथे काय वाण द्यावं?

रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, तेव्हा ती फेब्रुवारीत येत असेल तर जानेवारीचा पगार होईपर्यंत थांबलात तरी चालतं. प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या कुणालाच नको असतात, त्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी वाणात दिसतात. संपणारं काहीतरी द्या: पावशेर गूळ, हातसडीचा तांदूळ, बचत गटाची मेतकुटाची पुडी. घाऊक घेताना बायका किती येतील ते आधी मोजा आणि वर पाच जास्त धरा. दुकानदार 'शंभर घेतले तर स्वस्त' म्हणतो, पण उरलेल्या साठ पुड्यांचं मेतकूट खाणार कोण, तेही विचारून घ्या.